तात्यांचा फोटो आणि लाल शाई

आटपाट शेळगाव होतं. तितं आमचं तात्या ऱ्हात हुतं, तात्यांची बायको मी, शेवंता, आन आमची सून सुरेखा. आता तात्या न्हाईत. वरीस झालं. आन त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशीच मी काय करून बसले, आता काय सांगू तुमाला!

सुरेखा घरीच मशिनीवर फोटो छापून देती. तात्यांचा फोटो मोबाईलात एकच हुता, उसाच्या बांधावर हसताना. उद्या हार घालायला तोच छापला, तर तात्या हिरवं! मेथीच्या जुडीगत!

"लाल शाई संपली, आत्या. भरते," सुरेखा म्हणाली. मशिनीतली शाईची डबी तिनं ताटात कागदावर ठेवली, वरची पट्टी सोलली, सुईत शाई ओढली. "भोकातनं थेंबथेंब सोडायची. वर दिसली की थांबायचं, पुसून पट्टी लावायची. मग सांडत न्हाय."

तेवढ्यात फोन वाजला. सुप्याहून वन्सं फाट्यावर उतरल्या हुत्या. "घेऊन येते. हात लावू नका हं!"

आता मला धीर निघतोय व्हय? वन्सं म्हंजी तात्यांची थोरली बहीण. गेल्या वर्षी माझं कुंकू त्यांनीच पुसलं, रीत म्हणून. त्यांनी येऊन भाऊ हिरवा बघायचा?

आन सुईचं मला काय नवल? डॉक्टर म्हशीला टोचायचा, तवा कासरा मीच धरायची! सुई खुपसायची, एका दमात दाबायची, आन लगेच जागा चोळायची, न्हायतर गाठ येती.

खुपसली. दाबली. आन चोळली की हो, खसाखसा!

अगं आई गं! ताट लाल, लुगडं लाल, कोपरापातूर मी लाल! घाबरून कपाळावरचा घाम पुसला, तर दारात वन्सं.

"शेवंते! ह्ये काय लावलंस?"

"आत्या, आरशात बघा," सुरेखा हळूच म्हणाली.

बघितलं. कपाळाच्या बरोबर मधी, लालभडक. वरसानं माझं तोंड मला वळखीचं दिसलं.

"पुसते, वन्सं, आत्ता पुसते!" साबण झाला, लिंबू झालं. जाईना. शेवटी वन्सं उठल्या, पदर भिजवला, माझी हनुवटी धरली. आन हात तसाच थांबला.

"मागच्या वर्षी पुसलं, तवाच माझं हात कापत हुतं," त्या म्हणाल्या. "आता पुन्यांदा न्हाय व्हायचं माझ्याच्यानं." आन आमी दोघी ताटापाशीच बसून रडलो.

सुरेखानं डबी पुसली, फोटो परत छापला. ह्या खेपेला तात्या लाल! टमाट्यागत!

दुसऱ्या दिवशी पंगतीत सगळ्या बाया माझ्या कपाळाकडं बघत हुत्या. पर वन्सं शेजारी बसलेल्या. बोलायची टाप कुणाची? शाई धुऊन गेली, तवा करंडा वन्संनीच काढून हातात दिला. तसं आमच्या घरात कुंकू परत आलं. असं तुमच्याबी घरात येवो, पर एवढी शाई न सांडता.

सुरेखा म्हणती, तात्यांचा फोटो दुसरा छापते. मी म्हटलं, नगं. उभ्या जल्मात मला बघून कधी लाजलं न्हाईत, आता लाजत्यात तर लाजू दे.

"लाजत न्हाईत, आत्या," ती म्हणाली, "तुमी त्यांच्या शाईला म्हशीगत चोळलं, त्याचा राग आलाय."