‘येते’ म्हणून गेलेली आजी

ये, अशी जवळ बस. लिहिलेलं वाचायचं असलं म्हणून काय झालं, जवळ बसूनच वाच. आणि आधी त्या लेकराच्या हातातला मोबाईल घे. रागावत न्हाई गं मी. पण परवा तू फोनवर म्हणालीस, “मावशी, हा दोन वर्षांचा झाला तरी बोलत न्हाई, आणि व्हिडिओ तर दिवसभर बघतो,” तेव्हा तुझा कान धरावा वाटला मला. दिवसभर बघतो म्हणजे एकटाच बघतो की. तू स्वयंपाकात, तुझा नवरा कॉलेजात शिकवायला, आणि ते पोरगं तिकडं नांदेडला विष्णुपुरीच्या क्वार्टरमध्ये कुठल्या तरी परक्या मुलखातल्या सशाची गाणी ऐकत बसलेलं. हे काय हाय रे, असं त्याला विचारणार कोण? व्हिडिओ वाईट न्हाई. माझी नात व्हिडिओवरच बोलायला लागली. पण ती काय शिकली ते ऐक.

सुरुवात मात्र फोटोपासून झाली, आणि ती नातीच्या नव्हे, नातीच्या आईच्या वेळेस. भूकंप झाला तेव्हा माझी लेक नुकती बोबडं बोलायला लागली होती. तुझे काका लातूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, म्हणून आम्ही तिघं इथं भाड्याच्या खोलीत होतो आणि वाचलो. औशाच्या बाजूला गावाकडं आमचं माळवदाचं घर होतं, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं. ते बसलं. सासू, सासरे आणि धाकटा दीर त्याच्याखाली गेले.

माती देऊन आले आणि तुझ्या काकांचं बोलणंच बंद झालं. वाढलं की जेवायचे, कामाला जायचे, आले की भिंतीला टेकून बसायचे. मीही गप. कारण कुठलाही शब्द काढला तरी तो फिरून त्या घरातच जायचा. भाकरी म्हटलं की सासूबाईंची चूल, पाणी म्हटलं की तिथला रांजण. आम्ही दोघं गप झालो तशी पोरही गप झाली. तिचे होते नव्हते तेवढे शब्द गेले. तहान लागली की तांब्याकडं बोट, बाहेर जायचं तर दाराकडं बोट. शेजारणी म्हणायच्या, भ्यायलं लेकरू. भ्यालं नव्हतं. घरात ऐकायलाच काही नव्हतं, तर बोलणार काय?

गावाकडं पत्र्याच्या शेडात तेव्हा लेकरांसाठी बालवाडी भरायची. आम्ही गेलो की मी लेकीला तिथं नेऊन बसवायची. पुण्याकडून आलेली एक ताई चित्रांचे पुठ्ठे दाखवायची. जीव लावायची बिचारी. एकदा तिनं जहाजाचं चित्र धरलं आणि विचारलं, “हे काय?” एक पोरगी मोठ्या ठसक्यात म्हणाली, “काठवट.” पीठ मळायची काठवट पाण्यात कशाला ठेवली, यावरून मग पोरांत भांडण. ताई हसली, आम्ही बायाही हसलो, लई दिवसांनी. पण मला तिथंच सुचलं की बोट ठेवून बोलायचंच असलं, तर आपल्याच माणसांवर का न्हाई?

माझ्या लग्नाचे फोटो लातूरला ट्रंकेत होते. खोलीवर आल्यावर मी ते काढले, लेकीला मांडीवर घेतलं आणि सासूबाईंच्या तोंडावर बोट ठेवलं. “ही कोण?” काही न्हाई. “ही आजी. आजीनं काय घातलंय? नथ घातलीय.” मग थांबले. रोज तेच. माझा आवाज बदलायचा, पण लेकराला काय ठाऊक, तिला वाटायचं आजी म्हणतानाचा आवाजच तसा असतो. आणि मग एका संध्याकाळी तिनं आपणहून बोट टेकवलं आणि म्हणाली, “आजी. नथ.” भिंतीला टेकलेले तुझे काका उठून आले. मांडी घालून बसले आणि फोटोतल्या घरावर बोट ठेवून म्हणाले, “आन् हे गं? हे माळवद. म्हण, माळ-वद.” तिला ते नीट म्हणता येईना, ती मावळद म्हणायची. ते पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. अशानं आमच्या घरात बोलणं परत आलं. माळवद आठवतही नसेल अशा पोरीला माळवद हा शब्द आला, तो फोटोतून.

पुढं ती शिकली. लातुरात शिकवण्यांचं वारं सुटलं त्यात तीही शिकली, नोकरी लागून बेंगलोरला गेली, तिथंच संसार मांडला. आम्ही लातुरातच घर बांधलं. मग तुझे काका गेले. मी वरच्या मजल्यावर खोल्या काढल्या आणि डॉक्टर व्हायला आलेल्या मुली ठेवल्या. कुणी लोह्याची, कुणी पार इस्लापूरची. घर भरलेलं दिसतं गं, पण मुली शिकवणीहून येतात, कानात वायरी घालतात आणि शिकवणीचेच व्हिडिओ बघतात. जिन्यात भेटल्या तर, “आजी, पाणी आलं का?” एवढंच. चांगल्या हायेत पोरी. पण दिवसाकाठी माझ्या तोंडून निघणारं बोलणं म्हणजे नळाचं.

नात दोन वर्षांची झाली तरी बोलेना. पाळणाघरात कानडी, घरात आईबापांची लॅपटॉपवर इंग्रजी. डॉक्टरांनी कान तपासले, ठीक निघाले. म्हणाले, घरच्या माणसांचे फोटो दाखवा, छोटे व्हिडिओ दाखवा, पण सोबत बसून. लेकीनं फोन केला. “आई, तूच पाठव. तू मला जसं शिकवलंस तसंच.” तिच्या आवाजातली भीती मला कळली. माझीही एक भीती होती, ती मी बोलले न्हाई. हे लेकरू बोलायला लागेल, पण माझ्याशी बोलेल का? मला ओळखणारी पुढच्या पिढीतली एवढी एकच तर हाय.

मोबाईल धरायला शेजारची आपा यायची. तिच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान हाय आमच्या गल्लीत, पिढ्यान् पिढ्या. पहिल्या व्हिडिओत मी हात जोडून ताठ उभी राहिले. आपा म्हणाली, “भाभी, वोट मांगने आये क्या तुम? हात नीचे लेव.” मग मी आमच्या घराविषयी, अंगणाविषयी, तुळशीविषयी सांगत सुटले. लेकीचा निरोप आला, “आई, कीर्तन नको. एका व्हिडिओत एकच गोष्ट.” मग मी तांब्या घेतला. “पाणी. पाणी ओतते. ओतलं.” आणि थांबायचं, लेकराला म्हणायला जागा ठेवायची. ते थांबणंच जमेना मला. जमलं त्या दिवशी आपा म्हणाली, “भाभी चुप बैठी. अल्ला का शुकर.”

लेक संध्याकाळी पोरीला जवळ घेऊन व्हिडिओ लावायची, मध्येच थांबवायची, विचारायची. माझा फोटोही छापून तिनं भिंतीला चिकटवला होता. मग मी व्हिडिओ कॉल करायची, आणि ठेवताना आपण म्हणतो तसं म्हणायची, “येते हं.”

एका दुपारी लेकीनं व्हिडिओ पाठवला. बाल्कनीत कावळा बसलेला. तो उडाला, आणि माझ्या नातीनं हात हलवला आणि स्वच्छ म्हणाली, “येते.” पहिला शब्द. मी आपाला हाक मारून दाखवला, मुलींना खाली बोलावून दाखवला. मग कळलं की दिवा विझला तरी ती येते म्हणते, न्हाणीतलं पाणी मोरीतून गेलं तरी येते. आम्ही सगळ्या हसलो. लेक फोनवर म्हणाली, “उलटं शिकली गं ही.”

संध्याकाळी एकटी बसले तेव्हा लक्षात आलं, उलटं कुठं? ती फोनमधली आजी रोज येते म्हणते आणि नाहीशी होते. लेकरानं बघितलं, तेच ते शिकलं.

दिवाळीला माझं जायचं ठरलं. लेकीनं भिंतीवरचा माझा फोटो काढून नातीच्या हातात दिला आणि आनंदानं सांगितलं, “आजी येते.” पोरीनं फोटो फेकला आणि जी रडायला लागली ती थांबेना. तिला वाटलं, आजी चालली. लेक मला म्हणाली, “आई, तू आता फोन ठेवताना जाते म्हणत जा. तिला अर्थ तरी नीट कळेल.” बाई, जाते कसं म्हणू? निघताना जाते म्हणायचं न्हाई, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत न्हाई, जिभेलाच ठाऊक असतं. माझ्या सासूबाई लातूरहून गावाकडं शेवटच्या निघाल्या, त्याही येते म्हणूनच निघाल्या होत्या. मी लेकीला एवढंच म्हणाले, “जाते न्हाई म्हणणार. दुसरं काही बघते.”

आपाला आत बसवलं, तिच्या हातात मोबाईल दिला आणि मी दाराबाहेर गेले. आत येताना म्हणायचं, “आले.” पहिल्या खेपेला आपा म्हणाली, “भाभी, दुल्हन के जैसा कायकू शरमा रये? अपनाच घर है.” मग नीट झालं. दार, मी, “आले.” लेकीनं नातीला तोच व्हिडिओ लावून लावून दाखवला.

बेंगलोरला दार उघडलं तेव्हा नातीनं माझ्याकडं बघितलं, मग आईच्या हातातल्या मोबाईलकडं, मग माझ्या पाठीमागं कोण हाय ते वाकून बघितलं. मी म्हणाले, “आले.” आणि थांबले. लई वेळ थांबले असं वाटलं. ती पुढं आली, माझ्या पदराला हात लावला आणि म्हणाली, “आजी आली.” मी तिच्यासमोर खाली बसले, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, मला समजावून सांगावं तसं.

निघताना मी त्या ‘येते’ला एक शब्द जोडला. “परत येते.” ती रडली न्हाई. पुढं कित्येक दिवस फोन ठेवायची वेळ झाली की तीच विचारायची, “परत?” आणि मी म्हणायची, “हाव बाई, परत.”

आता ती शाळेत जाते. कानडी बोलते, इंग्रजी बोलते, मराठीतही तोंड बंद नसतं तिचं. बोलायला मैत्रिणी मिळाल्या. रविवारी फोन आला तर, “आजी, बाय,” म्हणून खेळायला पळते. तसंच पाहिजे लेकरानं. त्यासाठीच तर सगळं केलं. फक्त ते ‘परत येते’ अजून झालं न्हाई. माझे गुडघे त्या लांबच्या गाडीला तयार न्हाईत, आणि त्यांना सुट्टी मिळत न्हाई. आपा अधूनमधून विचारते, काही व्हिडिओ काढायचा का. काढून पाठवायचा कुणाला?

म्हणून तुला सांगते. पोराला तुमचे सगळ्यांचे फोटो दाखव, बोट ठेव, विचार, आणि गप राहून थांब. व्हिडिओ दाखव, पण मांडीवर घेऊन. माझा मात्र फोटो दाखवू नकोस अजून. आधी त्याला घेऊन ये. नांदेडहून लोह्यावरून सकाळची बस धरली की जेवायच्या आत पोचतेस, मी पिठलं-भाकरी करून ठेवते. त्याला बोलता येत न्हाई म्हणून लाजू नकोस, माझ्याकडं दोघांपुरतं बोलणं साचलंय. येत्या सुट्टीत ये, आणि दोन-चार दिवस राहायच्या बोलीनंच ये.