म म्हणजे मारहाण

मावशींचा जबडा सुजला होता, कपाळाला टाके होते, तरी त्या बोलायच्या थांबत नव्हत्या. बाजव्याकडच्या एका कारखान्यात त्या ठेक्यावर केमिकलचे ड्रम धुतात. त्यांनी हातमोजे मागितले. मुकादमाने त्यांचे केस धरून कपाळ ड्रमच्या कडेवर आपटले. ठेकेदाराने लिहून दिले, बाई पाय घसरून पडली. दुसऱ्या दिवशी कामगार खात्याच्या साहेबांपुढे सुनावणी होती. तिथे 'पडली' हेच खरे ठरले असते तर मावशींचे काम गेलेच, वर त्या खोटारड्या.

अकोट्यातल्या आमच्या संघटनेच्या खोलीत मी त्यांचा जबाब टाइप करत होते. मराठीत, कारण मावशी मूळच्या धुळ्याकडच्या. इथला सरकारी कारभार गुजरातीत, म्हणून त्याचे गुजराती नंतर दादा करणार होता. दादा म्हणजे आमची पत्रके लिहिणारा.

मी भराभर टाइप करते, कारण शब्द पुरते लिहीतच नाही. आमच्या जबाबांत तेच तेच शब्द येतात, म्हणून मी टाइप करायच्या एडिटरमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचे, म्हणजे शोधून बदलायचे, नियम बसवले होते. एकटा 'म' दिसला की त्याचे 'मारहाण' कर, 'कआ' दिसले की 'करण्यात आली' कर. एकटा म्हणजे ज्याच्या दोन्ही बाजूंना शब्द संपतो तो. मारहाणीला आखूड रूप लागावे इतकी ती आमच्याकडे रोजची आहे. याची लाज मला वाटत नाही. ज्यांना वाटायला हवी त्यांनाही वाटत नाही.

जबाब संपला, मी नियम चालवला आणि स्क्रीनवर दंगल उसळली.

'मारहाणी कामारहाणावर गेले. मारहाणाझे हात जळत होते. मारहाणुकादम आला.'

कारण साधे आणि संतापजनक होते. हा एडिटर बनवणाऱ्यांच्या लेखी काना, वेलांटी, उकार ही अक्षरेच नव्हेत. 'मी'मधला म त्यांना वेलांटीपाशी तुटलेला दिसतो, म्हणजे एकटा. आमच्या लिपीचे हातपाय तोडून हे लोक शब्द ओळखतात.

मावशी पुढे वाकल्या, एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. "यात चुकलंय काय? मी म्हणजे मारहाणी. काम म्हणजे कामारहाण. तुझं मशीन माझ्यापेक्षा खरं बोलतंय, पोरी!" आणि जबडा धरून हसल्या.

दादाला हसू आले नाही. "अगं, उद्या सुनावणी आणि तू खेळत बसलीस?"

"तुझी पत्रकं याच खेळावर वेळेत निघतात."

मी बदल मागे घेतला आणि नियम नीट केला: म च्या मागेपुढे अक्षर तर नकोच, काना-मात्राही नको. पुन्हा चालवला. आता सगळे स्वच्छ. मधोमध एक वाक्य: 'त्यानंतर मला मारहाण करण्यात आली.'

मावशींनी त्यावर बोट ठेवले. "कुणी केली?"

"वर लिहिलंय ना, मुकादम आला म्हणून."

"आला म्हणजे? चहाला आला होता?"

"मावशी, सरकारी कागदाची भाषा अशीच असते," दादा म्हणाला. "गुजरातीतही 'मार मारवामां आव्यो' असंच लिहितात."

"ते लिहितात मी पडले. तुम्ही लिहिता मारहाण झाली. दोन्ही कागदांत त्याचा हात कुठाय? आपली आपण आली काय मारहाण, पादरा गावच्या बससारखी? मी नाही सही करणार."

दादाने टेबलावर मूठ हाणली. "नका करू! उद्या तोंडाने भांडा!"

"ओरडू नकोस त्यांच्यावर," मी उठले. "मारणाऱ्याचं नाव घ्यायला तुझी जीभ झडते का? पत्रकभर 'करण्यात आली, करण्यात आली'! फुकट लपवतोस तू त्यांना."

त्याच्यासमोर मी दोन्ही नियम पुसून टाकले. मग अक्षर अक्षर बडवत लिहिले: मुकादमाने माझे केस धरले आणि माझे कपाळ ड्रमवर आपटले. मावशींनी ते वाचले आणि सही केली. दादाने पाठ फिरवून, पण वाक्य न मोडता, गुजराती केले.

सुनावणीला ठेकेदाराचा वकील नेमका त्याच वाक्यावर थांबला. "आपटले म्हणजे? धक्का लागला असेल. बेन, केवी रीते आपटले?"

मावशी उठल्या. मुकादम समोरच खुर्चीत पाय पसरून बसला होता. कुणी हलायच्या आत त्यांनी त्याचे केस मुठीत धरले आणि डोके खाली रेटले. टेबलाच्या कडेपासून बोटभर अंतरावर हात थांबला.

"अशी रीत."

मुकादम किंचाळला, "एटला जोरथी न्होतुं मार्युं!" एवढ्या जोरात नव्हतं मारलं.

मावशींनी मूठ सोडली. वकील ताडकन उभा राहिला. "साहेब, आ मारामारी छे! नोंधो!" नोंदवा म्हणे.

"नोंधुं छुं," साहेब म्हणाले. "बन्नेनुं, दोघांचंही. पहिलं या मुकादमाचं वाक्य." आणि ते स्वतःच्या हाताने लिहू लागले. मुकादम केस सारखे करत वकिलाकडे बघत होता. वकील त्याच्याकडे बघेना.

मावशींविरुद्धही तक्रार होणार, हे मला दिसत होते. बाहेर आल्यावर मी तसे सांगितले.

"होऊ दे. त्यात तरी लिहितील ना, मी केलं म्हणून?" मावशींनी तळहात भिंतीला घासला. "शी! किती तेल थापतो मेला."