पंचमीची वाट

पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून वर येणारी ओली काळी माती! गार, मऊ, आणि एकदा पाय धरला की सहजी न सोडणारी. पुण्यात माझे पाय वर्षभर फरशीवर शहाण्यासारखे वागतात. पण श्रावणात नागपंचमीला माहेरी आले, रेणापूरच्या पुढं फाट्यावर एसटीतून उतरले, की चपला हातात येतात आणि साठी उलटलेल्या या बाईचं वय त्या चिखलात कुठंतरी रुतून बसतं. सांगा, चिखलाचं एवढं कौतुक कुणी करावं का? मी करते. खुशाल हसा!

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशीच भुरभुर पावसात मी शिवाराकडं निघाले. आभाळ ओथंबलेलं, सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, बांधावरच्या तरवडाची पिवळी फुलं न्हाऊन निघालेली. आमच्या पायवाटेच्या टोकाला वारूळ आहे. गावच्या लेकीसुना पिढ्यान्‌पिढ्या याच वाटेनं लाह्या-दूध घेऊन तिथं जातात. वळण ओलांडलं आणि मी थबकले. वाटच नव्हती! तिच्यावर सोयाबीन पेरलेलं, आणि तोंडाशी बाभळीच्या काट्या रचलेल्या. हे रान माझ्या चुलतभावाचं, दिगंबरचं. तो बांधावरच उभा होता.

"अक्का, हितून रस्ता बंद केलाय. नकाशात ही वाट न्हाईच."

"नकाशात नागोबा तरी कुठं हाय रे? त्याला बी बंद करतोस का?"

तो हसला नाही. घरी आले, तर माझा सख्खा भाऊही त्याचीच री ओढू लागला. "दोन दिसासाठी आलीस, अक्का. गोडीनं राहा. उद्या बायांना घेऊन सडकेनं जा, लांब पडलं तर पडू दे."

गोडीनं! माहेरवाशिणीनं दिंडं खावीत, झोका घ्यावा, चोळीचा खण घेऊन डोळे पुसत एसटीत बसावं, एवढंच काय ते तिचं राज्य! का म्हणून? या मातीत मी रांगले, पडले, वाढले. इथल्या एका ढेकळावरही माझं नाव नाही आणि मी ते मागितलंही नाही. पण वाट ही चालणाऱ्याची असते. एक पंचमी आम्ही मुकाट्यानं सडकेनं गेलो असतो, तर पुढल्या वर्षी इथं वाट होती हे कुणी कबूलही केलं नसतं. मला राग आला होता, आणि खरं सांगते, त्या रागानं फार बरं वाटत होतं.

पंचमीला पाऊस पडतच होता. नव्या साड्या सावरत, ताटांवर पदर धरत आम्ही साऱ्या काट्यांपाशी आलो आणि अडलो. आमच्याकडं या दिवशी काही चिरत नाहीत, तोडत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, जमिनीला फाळ लावत नाहीत. मग बाभळीवर कोयता कोण चालवणार? मी पदर खोचला आणि हातानंच एक फांदी उचलली.

"अगं बाई, हाताची चाळण व्हईल!" मागून कुणी ओरडलं.

"होऊ दे की!"

दिगंबर धावतच आला. तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला रांगेत मयुरी दिसली. त्याची लेक, लग्नानंतरची तिची ही पहिली पंचमी. हिरवं लुगडं, हातात ताट, पाय अनवाणी. शहाण्यानं साऱ्या गावाची वाट अडवली होती, आणि आपली लेकही याच वाटेनं वारुळाला जाणार हे तेवढं विसरला होता! ती काट्यांकडं पाऊल टाकू लागली.

"मयुरे, थांब! काटा भरंल!" म्हणत तो खाली वाकला आणि स्वतःच काट्या उपसू लागला. त्याचा अंगठा रक्ताळला. माझ्याकडं न बघता पुटपुटला, "आजच्यापुरतंच, अक्का."

मयुरी जागची हलली नाही. "आबा, माझं म्हायेर बी आजच्यापुरतंच हाय का?"

त्यानं काट्यांचा भारा कवेत घेतला. मग बांध ओलांडून दूर गेला आणि भारा ओढ्यात टाकून आला.

आम्ही एकीमागं एक चाललो, गाणी म्हणत, घसरत, एकमेकींना सावरत. पायाखाली सोयाबीन आडवं होत होतं. त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा! माझा जीव हळहळला, पण पाऊल मागं घेतलं नाही. परतताना पाहिलं, तर हिरव्या रानातून वारुळापासून थेट गावापर्यंत काळी, तुडवलेली, चकाकती वाट उमटली होती.

दारात भावानं पाण्याची बादली पुढं केली. "पाय धू, अक्का."

"राहू दे," मी म्हटलं आणि चिखलाच्या पायांनी तशीच त्याच्या नव्या फरशीवरून आत गेले.