न तापणाऱ्या गाडीचं दुखणं

परवा गाडीचा तो पिवळा दिवा पुन्हा लागला... इंजिनच्या चित्राचा. मी नगरहून तिसगावच्या शाळेत रोज स्वतः गाडी चालवत जाते. मध्ये करंजी घाट आहे, त्यामुळे दिवा दिसला की आधी मोबाइलला रेंज आहे का ते बघते.

आमच्या नवरोबांना तर निमित्तच हवं होतं. आठ दिवसांत दिवा गेला नाही तर गाडी विकायची आणि मुकाट्याने एसटीने जायचं, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. एका गॅरेजवाल्याने सेन्सर बदलून दिला होता... दोन दिवसांनी दिवा परत हजर.

गंमत म्हणजे, माझी गाडीबद्दल काही तक्रारच नव्हती. एवढ्या उन्हात एसी लावूनसुद्धा तापमानाचा काटा तळ सोडायचा नाही. आमच्या एका सरांच्या बोनेटमधून वाफा निघाल्या, तेव्हा मी स्टाफरूममध्ये केवढा भाव खाल्ला होता... पेट्रोल जरा जास्त पीत होती, पण म्हटलं असेल खात्यापित्या घरची.

शेवटी नागापूरच्या एका मेस्त्रींकडे गेले. वयस्कर माणूस, बोलायला कंजूस. त्यांनी स्कॅनर लावला, गाडी गार होऊ दिली, पुन्हा सुरू केली आणि रेडिएटरकडे जाणारा पाइप हाताने चाचपत उभे राहिले.

"मॅडम, गाडी तापत न्हाई, ह्योच तिचा आजार हाय."

मग त्यांनी समजावलं... इंजिन पुरेसं तापेपर्यंत पाणी अडवून धरायचं काम थर्मोस्टॅटचं. इथे पाणी पहिल्या मिनिटापासून मोकाट फिरत होतं, त्यामुळे इंजिन गारच राहून पेट्रोल जास्त पीत होतं. म्हणजे तो उघडाच अडकला असणार. खोलून बघितलं तर थर्मोस्टॅट नव्हताच. जागा रिकामी.

माझं डोकंच फिरलं. मागच्या सुट्टीत घोडेगावला माहेरी गेले होते, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका जुन्या मित्राच्या गॅरेजमधून गाडीचं सर्व्हिसिंग करून आणलं होतं. पार्ट तिथेच चोरला, दुसरं कोण? तिथूनच अण्णांना फोन लावला आणि सांगितलं, आत्ता येऊन तुमच्या मित्राची खरडपट्टी काढते.

अण्णांनी मला मध्येच थांबवलं.

"त्याला काय बोलू नको. मीच काढाय लावला."

अण्णांनी तीस वर्षं कांद्याचा टेम्पो चालवला. त्या काळच्या टेम्पोवाल्यांची रीतच होती म्हणे, गाडी घेतली की आधी थर्मोस्टॅट काढून टाकायचा, म्हणजे इंजिन तापायची भीती नाही. मग मला सांगायचं तरी, असं मी चिडून म्हणाले.

"तू घाटातनं एकटीच जाती. गाडी तापून मधीच हुबी राहिली तर... झोप लागत न्हाई मला."

भांडायला कंबर कसून बसले होते... पण 'बरं' म्हणून फोन ठेवला. मेस्त्रींना सांगितलं, तर ते मात्र खूश झाले. "मी बी लई काढल्यात. जुन्या गाड्यांना चालायचं, आताच्या गाडीत कॉम्प्युटर हाय, त्यो लगेच चहाडी करतो."

नवा थर्मोस्टॅट बसला, दिवा गेला, नवरोबांचा निकालही रद्द झाला. काटा मध्यावर असला पाहिजे, हे अण्णांना अजून पटलेलं नाही. त्यामुळे आमचा तह झालाय... त्यांनी गाडीला हात लावायचा नाही, मी पोचल्यावर फोन करायचा.

तीन वर्षं हा घाट ओलांडतेय. घोडेगावात कुणाचा तरी जीव रोज टांगणीला लागतो, हे कळायला इंजिन खोलावं लागलं... आता शाळेत गेले की आधी माझी हजेरी अण्णांकडे लागते, मग वर्गातल्या मुलांची.