दोरा काढलेली नोट

माझं आणि माझ्या थोरल्या चुलतभावाचं बांधावरून वाकडं होतं. ते वैर मी मुरलेल्या लोणच्यासारखं जपलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत आम्हा दोघांचा एकाच बैलावर डोळा पडला. माझा एक बैल मेला होता. जोडी जमली नाही तर माझी भातशेती पडीक राहणार होती. भावाला बैल नकोच होता. मला मिळू नये, एवढीच त्याची हौस.

बैलाचा म्हातारा मालक खर्डीकडचा. सौदा एकेचाळीस रुपयांना ठरला आणि मी दहाच्या चार नोटा व एक रुपया काढला. तेवढ्यात भाऊ मध्ये घुसला. रुपयाच्या नव्या नोटेत उन्हात धरली की एक दोरा दिसे. त्यानं माझी दहाची नोट उन्हात धरली.

“बघ बाबा, हिच्यात दोरा नाय. मंग खोटी. माझ्या सगळ्या रुपयाच्या, दोरावाल्या. एकेचाळीस मीच देतो.”

माझ्या दहाच्या नोटांत दोरा नव्हताच, कागदात राजाचा चेहरा तेवढा लपलेला होता. पण ऐकतो कोण? म्हाताऱ्यानं माझ्या हातातलं दावं काढून घेतलं.

मग मी फक्त शत्रूंसाठी राखलेला गोड आवाज काढला.

“दादा, तो दोरा कुठला? शाईची रेघ हाय ती.”

“रेघ म्हणं,” असं म्हणून त्यानं करवंदीचा काटा तोडला आणि आपली एक नोट मांडीवर घेऊन टोकरू लागला. माणसं जमली. दोरा आला खरा, नोट फाडत आला. भावानं तो बोटांत धरून सगळ्यांना दाखवला.

म्हाताऱ्यानं ती फाटकी नोट उन्हात धरली. “हिच्यात पण दोरा नाय. तुझ्याच बोलण्यानं खोटी.”

भावाकडे नेमक्या एकेचाळीस नोटा. उसना रुपया मागायला तो वळला, तर गाववाल्यांना अचानक दुसरे बैल बघायचे होते.

म्हातारा माझ्या नोटा घेऊन शेजारच्या घोंगडीवाल्याकडे गेला. त्यानं त्या उन्हात धरून कागदातला राजा दाखवला, “घ्या, खऱ्या हायत.” दावं पुन्हा माझ्या हातात आलं.

पेरणीच्या तोंडाला भावानं सामाईक वाट काट्यांनी बंद केली. मी बैल ओढ्यातून फिरवून नेला, रोज, त्याच्या दारावरून, गाणं म्हणत.