धर्माचा रकाना

मला लिहिण्याचा अधिकार आहे असे मी मानत नाही. आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर शेरे मारले. स्वतःचे असे काही साठी उलटल्यावर प्रथमच लिहू पाहतो आहे. वाचकांनी हे धाडस पोटात घालावे. मात्र मामांविषयी काहीच न लिहिता निघून जाणे ही अधिक मोठी आगळीक ठरली असती.

सौंसरच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या या अर्जनवीसांना सारे ‘दोनबोटे मामा’ म्हणत. कोणतेही गाऱ्हाणे शांतपणे ऐकून ते उजव्या हाताची दोन बोटे वर करीत आणि म्हणत, “यात दोन गोष्टी हायेत.” मोहगावचा एक शेतकरी एकदा वैतागला. “मामा, माहा बैल एकच होता, अन् एकदाच चोरीले गेला.” मामा म्हणाले, “बैल गेला, हे एक. तो कोनं नेला असं तुले वाटते, हे दुसरं. अर्जात पहिलंच लिहितो.”

ऐंशीच्या दशकाचा तो आरंभ होता. मी कचेरीत कनिष्ठ लिपिक होतो आणि बाहेरून बी.ए.च्या परीक्षेला बसलो होतो. तत्त्वज्ञानातला द्वैतवाद काही केल्या डोक्यात शिरेना. मामा नागपूरला वर्षभर कॉलेजात शिकले होते, असे कळल्यावर मी मोठ्या संकोचाने त्यांच्यापाशी गेलो. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला शिकवले. दात शरीरात दुखतो, पण कळवळते मन. ही दोन वेगळी मानली की झाले तत्त्वज्ञानातले द्वैत. भक्ताने देवापुढे हात जोडायचे तर देव त्याच्याहून वेगळा असावा लागतो, ते धर्मातले. आणि खुरप्याने शेजाऱ्याचा हात कापला, तर कायदा जखम वेगळी पाहतो आणि इरादा वेगळा. मी भारावून विचारले, मग मामा स्वतः द्वैतवादीच का? ते हसले. “समजून घ्यायले दोन लागते, बाबू. जगायले एकच.”

या वाक्याची किंमत मला पुढे कळली. मामांचे घर बौद्ध. त्या काळच्या कायद्याप्रमाणे धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले की अनुसूचित जातीचा दाखला मिळत नसे. त्यामुळे अनेक कुटुंबे घरात बुद्धवंदना म्हणत आणि कागदावर ‘हिंदू’ लिहीत. मामा त्यांचे अर्ज सांगतील तसे लिहून देत, कोणालाही कधी टोचून बोलत नसत. ज्याचा अर्ज त्याचे उत्तर, असे ते म्हणत.

मग त्यांच्या मुलीचा, पौर्णिमाचा अर्ज आला. तिला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचे होते आणि राखीव जागेखेरीज तिचा नंबर लागण्यासारखा नव्हता. दाखल्यांचे टेबल माझ्याकडे होते. तिने धर्माचा रकाना कोरा ठेवला होता. संकोचाने राहिला असेल, असे समजून मी तो माझ्या हाताने भरला. ‘हिंदू’ लिहिले, साहेबांची सही घेतली आणि आनंदाने निरोप धाडला.

बापलेक आले. पौर्णिमाने दाखला वाचला आणि माझ्या टेबलावर परत ठेवला. “तो रकाना मी तुमच्यासमोर भरनार होती, बाबूजी,” ती म्हणाली. “आजारी मानसाची सेवा शिकाले जाऊन राहिली. तिथं जाताना खोटं कायले सांगू?”

शेजारच्या टेबलावरून कोणी टोमणा मारला की, मामा, जगाचे अर्ज हिंदू करून देता, पोरीच्या वेळेसच बुद्ध आठवला का? मामा त्याच्याकडे वळलेही नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमचा इरादा साफ हाये, मले मालूम हाये. पन जखम झाली. नवा फारम द्या.”

पौर्णिमाने नव्या अर्जात ‘बौद्ध’ लिहिले. नियमाप्रमाणे तो अर्ज नामंजूर झाला. नामंजुरीचा शेरा मलाच लिहावा लागला.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मामा एक अर्ज आणीत: बौद्धांनाही ही सवलत मिळावी. इतकी वर्षे दुसऱ्यांसाठी लिहिणाऱ्या माणसाचा हा स्वतःचा एकमेव अर्ज. उत्तर कधी आले नाही. मी आवक क्रमांक देई, ते पोच घडी करून खिशात ठेवीत आणि नमस्कार करून जात. एकही सोमवार चुकला नाही.

पुढच्या दशकाच्या तोंडावर कायदा बदलला. तोवर पौर्णिमाचे प्रवेशाचे वय निघून गेले होते. पांढुर्ण्याच्या एका खाजगी दवाखान्यात ती जखमा धुऊन पट्ट्या बांधी. रोगी तिला ‘सिस्टर’ म्हणत आणि ती प्रत्येकाला सांगे, “सिस्टर नाही, मदतनीस हावो मी.”

मामा गेले तेव्हा मी पांढुर्ण्याला गेलो होतो. तिने मला चहा दिला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. त्या दाखल्याचा विषय काढला नाही. परतीच्या बसमध्ये मात्र माझ्या मनात तेवढे एकच होते. तो सही झालेला दाखला त्यांना न दाखवता मी परस्पर तिच्या प्रवेशासाठी पाठवून दिला असता, तर ती परिचारिका झाली असती. मी तसे करायला हवे होते का?