फौजदाराचा मका

गल्लीत त्याला सगळे फौजदार म्हणत. पोलिसांत तो कधीच नव्हता. मका लावायचा आणि माणसं तपासायचा. दुधात पाणी नाही असं गवळ्याने शपथेवर सांगितलं, की याला शंका: मग पाणी गेलं कुठे?

गेल्या हंगामात त्याची कणसं बोळकी निघाली. चार दाणे, मग भगदाड. बांधापलीकडे धाकट्या भावाची मात्र गच्च भरलेली. बियाणं एकाच पोत्यातलं!

"काहीतरी काळंबेरं आहे," तो बायकोला म्हणाला.

"भावजींनी उशिरा पेरलं. तुमच्या मक्याला ऐन फुलोऱ्यात झळा लागल्या."

"हे तुला कोणी शिकवलं? त्यानेच ना?"

यंदा ऊन आणखी लवकर तापलं. फौजदाराच्या मक्याचे तुरे करपले, पराग झडून गेला, आणि कणसांचे केस मागाहून बाहेर आले. याचं लक्ष केसांवर कुठलं? भावावर होतं. आणि एका सकाळी भाऊ सापडलाच! याच्या रानात, ताट घेऊन, कणसांवर काहीतरी पिवळं भुरभुरवताना.

"काय टाकतोस रे?"

"पराग, दादा. माझ्या तुऱ्यांचा. तुझा संपलाय, दाणा कशाने धरणार?"

"न विचारता?"

"विचारलं असतं तर तुझी चौकशी बसली असती. तोवर केस वाळले असते."

"चालता हो!"

धाकट्याचा चेहरा उतरला. "बरं. मग यापुढे पाणीही वेगळं. मोटर माझी आहे, लक्षात ठेव."

फौजदाराने उरलेल्या ओळींतल्या कणसांना कागदी पिशव्या बांधल्या. कडक बंदोबस्त!

काही दिवसांनी बायकोने दोन कणसं आणून अंगणात सोलली. धाकट्याच्या हातचं झटकलं, तर तपकिरी केस गळून पडले आणि खाली बारीक, पांढरे दाणे. पिशवीतल्याचे केस वाढून हातभर दाढी झालेली. कितीही झटका, एक सुटेना.

"दाणा धरला की केस सुटतो," ती म्हणाली. "हे तुमच्या बंदोबस्तातलं."

"तू नक्की कोणाच्या बाजूची?"

"मक्याच्या!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच फौजदार भावाच्या दारात उभा. थोडं खाकरला. "पराग... आहे का अजून?"

"शेवटच्या ओळीत थोडा. आज ऊन चढलं की तोही जाईल."

"तुला पुरून उरलाय ना? का मागाहून ऐकवशील?"

धाकट्याने कपाळाला हात लावला आणि ताट त्याच्या हातात कोंबलं. "चल. तूच गोळा कर, मी पिशव्या सोडतो. म्हणजे पंचनामा नको."

ऊन तापेपर्यंत अर्ध्याच ओळी झाल्या. मग तुरा हलवला तरी ताटात काही पडेना. बाकीच्या पिशव्या तशाच राहिल्या. शेवटची चिमूट घेऊन दोघे एका कणसाशी वाकले.

"पाण्याचं काय ठरवलंस?" फौजदाराने हळूच विचारलं.

"ताट सरळ धर आधी," धाकटा म्हणाला. "सांडतंय."